एका निकालाचे दोन पत्ते

महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, असे त्या दाव्याचे नाव. कायद्याच्या एका पुस्तकात या निकालाचा निर्देश '(१९३७) ३९ बॉम्बे लॉ रिपोर्टर १२९५' असा केलेला आढळतो, तर दुसऱ्या पुस्तकात 'ए. आय. आर. १९३८ मुंबई १४६' असा. नवख्या वाचकाला वाटावे की हे दोन निकाल आहेत. एक सदतीस सालचा आणि दुसरा अडतीस सालचा. वस्तुतः निकाल एकच. पहिला निर्देश सांगतो की बॉम्बे लॉ रिपोर्टरचा एकोणचाळिसावा खंड काढा आणि १२९५ वे पान उघडा. दुसरा सांगतो की नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरमधील १९३८ चा मुंबई विभाग काढा आणि १४६ वे पान उघडा. त्या दुसऱ्या निर्देशातले १९३८ हे निकालाचे साल नव्हेच. ते खंडाचे नाव आहे.

तळे तेच, निकाल तोच, पत्ते मात्र दोन. आजच्या विषयाचे सारे मर्म या दोन पत्त्यांत आहे. संदर्भ देण्याच्या रीती अनेक आहेत आणि हल्ली संगणकावर ग्रंथ जुळवताना एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर क्षणात जाता येते. हे कसे घडते, त्यात काय टिकते आणि काय हरवते, याचा थोडा इतिहास आम्ही सांगणार आहोत. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आणि शाळा लवकर सुटलेल्या माणसाने असला पंडिती विषय का घ्यावा, असे कोणाच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर इतकेच की पत्त्याची गरज पंडितापेक्षा कामगाराला अधिक पडते. पंडिताचा शब्द लोक मानतात. कामगाराला दरवेळी कागद दाखवावा लागतो.

जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत कुठवर चढले होते, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. आमच्या युनियनच्या कचेरीतील कपाटेही त्या पाण्यात गेली. करार, नोटिसा, हजेरीच्या नकला यांचा लगदा झाला. परंतु कोणता करार कोणत्या तारखेचा, कोणत्या क्रमांकाने कोठे नोंदलेला, याची एक वही पोलादपूरच्या एका सहकाऱ्याच्या घरी होती. त्या वहीच्या आधाराने आम्ही सरकारी दप्तरांतून नकला मागवल्या आणि बऱ्याच मिळाल्या. कागद गेला, पण पत्ता राहिला, म्हणून कागद परत आला. ज्या कागदांची नोंद त्या वहीत नव्हती, ते कायमचे गेले.

आमच्या इकडचे जुने इतिहासलेखन पत्त्याच्या बाबतीत उदारच होते. बखरकार गोष्ट सांगे. कोणी पाहिली, कोणत्या कागदात वाचली, हे सांगण्याची त्याला गरज वाटत नसे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला, तेव्हा पानाखाली टीपा देण्याची विलायती रीत त्याने पाळली. पण अनेक टीपांत नुसते 'मराठी हस्तलिखिते' एवढेच म्हटले आहे. कोणते हस्तलिखित? कोणाकडचे? पत्रावर 'मुंबई' एवढेच लिहून पेटीत टाकावे, तसा हा प्रकार. पत्र लिहिणाऱ्याची सचोटी कितीही असो, पोस्टमनला त्याचा काय उपयोग!

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास आरंभ केला आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. त्यांतील पत्रांना लेखांक दिलेले आहेत. खंड अमुक, लेखांक तमुक, असे म्हटले की पत्र सापडते. ही गोष्ट दिसते लहान, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. पानाचा आकडा छापखान्याचा असतो. आवृत्ती बदलली, टाइप लहान घेतला, की तो बदलतो. लेखांक पत्राला चिकटलेला असतो. पोलादपूरला ज्यांची समाधी दाखवतात त्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'चेही तसेच. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते काव्य संपादून १९२७ साली प्रसिद्ध केले. ज्या वर्षी महाडला तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षी शेजारच्या पोलादपूरच्या कवीचे काव्य छापून लोकांपुढे आले, हा योगायोग आम्हांला फार आवडतो. त्यातला श्लोक अध्यायाच्या आणि श्लोकाच्या आकड्याने सांगितला म्हणजे पान कोणतेही असो, अडत नाही.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र संदर्भाच्या रीतींचे पीक आले. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ सालच्या एका निबंधात ग्रंथकाराचे नाव आणि साल कंसात घालण्याची पद्धत वापरली. तीच पुढे हार्वर्ड पद्धत म्हणून ओळखली गेली. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने १९०६ मध्ये आपल्या नियमांचे पुस्तक काढले. त्याच्या तळटीपा इतिहासकारांना प्रिय झाल्या. वैद्यकाच्या मासिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि त्यांनी आकड्यांची रीत ठरवली : मजकुरात नुसता आकडा, शेवटी त्या क्रमाने यादी. आमच्या वसाहतीतील रसायनशास्त्राच्या पदवीधरांना ही आकड्यांची रीत परिचयाची आहे, कारण त्यांच्या विषयाची मासिकेही बहुधा आकडेच वापरतात.

प्रत्येक रीतीमागे त्या त्या धंद्याची सोय आहे. प्राणिशास्त्रज्ञाला शोध कोणी आणि कोणत्या साली लावला हे आधी हवे, म्हणून नाव आणि साल पुढे. वैद्याला जागा थोडी आणि संदर्भ शेकडो, म्हणून आकडा. इतिहासकाराला संदर्भासोबत दोन शब्द बोलायचे असतात, कागद अस्सल की नक्कल, शाई कसली, तारीख जुळते की नाही, म्हणून तळटीप. यात अमुक रीत श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ असा वाद घालणारे लोक आहेत. तो वाद आम्हांला धोतर आणि पायजमा यांच्या वादासारखा वाटतो.

परंतु रीत बदलण्याचे श्रम कोणाच्या अंगावर पडत, हा प्रश्न आम्हां युनियनवाल्यांना सुटत नाही. खिळ्यांच्या छपाईचा काळ आठवा. लेखकाने हस्तलिखित दिले, जुळाऱ्याने केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवली, गॅली भरली, प्रूफ निघाले. मग संपादकाच्या मनात आले की टीपा पानाखाली नकोत, प्रकरणाच्या शेवटी हव्यात. झाले! प्रत्येक पान मोडायचे, टीपा उचलून दुसरीकडे न्यायच्या, मजकूर वर ओढायचा, पानांचे आकडे बदलायचे, आणि आकडे बदलले म्हणून सूचीही बदलायची. देवनागरीच्या केसमध्ये काना, मात्रा, जोडाक्षरे यांची घरे इंग्रजीच्या कितीतरी पट. तळटीपेचा टाइप बारीक. रात्रीच्या दिव्यात तो जुळवताना डोळ्यांची आग होई, असे आमचे एक वडीलधारे जुळारी स्नेही सांगत. विद्वानाच्या एका लहरीची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजली जाई. ग्रंथाच्या प्रस्तावनेत आभार मात्र बहुधा मालकाचे.

यंत्र आले ते या ठिकाणी. अमेरिकेतील गणिती डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथाची नवी प्रुफे १९७७ साली त्यांच्या हाती पडली. मधल्या काळात छापखान्याने शिशाचे खिळे टाकून फोटोची जुळणी धरली होती आणि ती प्रुफे पाहून क्नुथ यांचे मन विटले. त्यांनी स्वतःच जुळणीचा कार्यक्रम लिहावयास घेतला. १९७८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती चालू झाली. त्याचे नाव टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचले, आणि १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्या साह्याने संदर्भांसाठी बिबटेक केले. पुढे यात पुष्कळ भर पडली. देवनागरीसारख्या लिप्या सहज चालाव्यात म्हणून जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४ साली आले. बिबलाटेक २००६ मध्ये आले. झोटेरो नावाचे संदर्भ राखणारे फुकट सॉफ्टवेअरही २००६ चेच. नावे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. युक्ती एकच आहे, ती पाहावी.

ती युक्ती वसाहतीतल्या कामगाराला चटकन समजते. कारखान्यात टोल्युईनचा ड्रम येतो. एका कंपनीच्या ड्रमवर टोल्युईन लिहिलेले असते, दुसऱ्याच्या कागदावर मेथिलबेंझीन, जुन्या माणसांच्या तोंडी टोल्युऑल. तिन्ही एकच. म्हणून रसायनाला जगभर एक आकडा दिलेला आहे, टोल्युईनचा १०८-८८-३. लेबल कोणत्याही भाषेत, कोणत्याही रंगात छापा, तो आकडा पाहिला की आत काय आहे ते कळते, आणि आग लागली तर कोणता बंब आणावा तेही कळते. बिबटेकमध्ये प्रत्येक ग्रंथाला अशीच एक किल्ली देतात. एका फाइलमध्ये ग्रंथाची माहिती रकान्यारकान्यांनी भरायची : ग्रंथकार, नाव, साल, प्रकाशक, गाव, खंड. मजकुरात जेथे संदर्भ हवा तेथे फक्त किल्ली लिहायची. कंस कोठे, स्वल्पविराम कोठे, नाव आधी की साल आधी, हे लेखकाने लिहायचेच नाही. ते शैलीच्या फाइलीत असते. शैलीचे नाव जेथे लिहिले आहे ती एक ओळ बदलली की तीनशे टीपांचा पोशाख बदलतो. जुळाऱ्याचे डोळे वाचतात.

आता आमच्या पुस्तिकेविषयी. महाडच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने तळ्याचा दावा आणि कामगार चळवळीचे धागे, यांवर एक छोटे पुस्तक काढण्याचे आमच्या युनियनने ठरवले. धागे आहेतच. मार्च १९२७ च्या परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच तालुक्यातले. लाडवलीला जन्मलेले आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले. पुस्तकाची जुळणी आमच्या एका सभासदाच्या मुलीने लाटेकमध्ये केली. तिच्या कॉलेजच्या सवयीप्रमाणे प्रथम आकड्यांची शैली होती. मग एका प्राध्यापकांनी सुचवले की सामाजिक शास्त्रात नाव आणि साल देतात. पुढे आमच्याच कार्यकारिणीने तळटीपा मागितल्या. अशी दोनदा शैली बदलली. तिच्या शेजारी बसून आम्ही हे सारे पाहिले, आणि आमच्या ज्ञानात जी भर पडली ती येथे सांगतो.

पहिल्यांदा ओळ बदलली आणि यंत्र अडून बसले. शैली नवी होती. पण आधीच्या वेळी यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी ज्या मदतनीस फाइली लिहून ठेवल्या होत्या, त्यांत जुन्या आकड्यांचीच यादी होती. सकाळच्या पाळीचे हजेरीपत्रक घेऊन रात्रपाळी मोजायला बसावे, तशी गत. मुलीने त्या फाइली पुसल्या आणि यंत्र पुन्हा चालवले : एकदा लाटेक, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लाटेक. पहिल्या फेरीत किल्ल्या गोळा होतात, दुसऱ्यात यादी तयार होते, पुढच्या दोन फेऱ्यांत आकडे आणि नावे आपापल्या जागी बसतात. ही चार फेऱ्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक नसते ते एकदाच चालवतात, छापील पानावर प्रश्नचिन्हे पाहतात आणि यंत्राला दोष देतात.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. आकड्यांच्या शैलीत 'मोरे यांनी [७] लिहिले आहे' हे ठीक दिसते. नाव-सालाची शैली लावताच तेच वाक्य 'मोरे यांनी (मोरे २०१९) लिहिले आहे' असे झाले. यावर तोड अशी की नाव वाक्यातच यावे असे असेल तेव्हा एक आज्ञा वापरायची, आणि सारा संदर्भ कंसात जावा असे असेल तेव्हा दुसरी. मग शैली कोणतीही लावा, वाक्य शाबूत राहते. अर्थात हे आरंभीच करावे लागते. येथे आम्हांला आपल्या भाषेचे कौतुक वाटले. यंत्र नाव जसेच्या तसे आणून ठेवते. त्याला विभक्ती लावता येत नाही. 'कीरांनी', 'मोऱ्यांनी', 'राजवाड्यांनी' हे यंत्राला साधणार नाही. पण मराठीत मान देण्यासाठी 'यांनी', 'यांचे', 'यांना' हे शब्द सुटे लिहितात आणि नाव अभंग राहते. 'कीर यांनी' म्हटले की माणसाचा मान राहिला आणि यंत्राचे कामही भागले. पूर्वजांनी हा आदर संगणकासाठी ठेवला नव्हता, पण उपयोगी पडला.

नावांनीच पुढे जास्त त्रास दिला. नाव-सालाच्या शैलीत केवळ आडनाव उरते. आमच्या भागात 'मोरे' म्हटल्याने काय बोध होणार? जावळीचे चंद्रराव मोरे की लाडवलीचे रामचंद्र मोरे? त्यातही आर. बी. मोरे यांचे आत्मकथन आणि त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इंग्रजीत एकाच पुस्तकात आलेले आहे. तेव्हा बापलेक दोघेही 'मोरे' आणि सालही एकच. यंत्र अशा वेळी आद्याक्षरे जोडते. आद्याक्षरे जोडताना मात्र त्याने कमाल केली. नावाचे पहिले चिन्ह उचलायचे एवढे त्याला ठाऊक. काना-मात्रा हे त्याच्या लेखी वेगळे चिन्ह. त्यामुळे 'रा. बा. मोरे' यांचे 'र. ब. मोरे' झाले आणि 'भी. रा. आंबेडकर' यांचे 'भ. र. आंबेडकर'. असे छापलेले पुस्तक महाडात कोणी हातात तरी धरले असते काय? इंग्रजीत पहिले अक्षर आणि पहिले चिन्ह एकच, म्हणून हे यंत्र करणाऱ्यांना तेथे काही दिसले नाही. शेवटी मुलीने आद्याक्षरे स्वतंत्र रकान्यात हाताने भरली.

सालांचेही तसेच. पूर्वीची कित्येक मराठी पुस्तके मुखपृष्ठावर केवळ शक देतात. 'शिवभारत' शके १८४९ चे, म्हणजे इसवी १९२७ चे. साल म्हणून १८४९ भरले की यंत्र बिचारे ते इसवी सन समजते, आणि दिवेकर ग्रँट डफच्या पिढीत जाऊन बसतात. बरे, शकात ७८ मिळवा असा सोपा हुकूम देऊनही भागत नाही. रायगडावरचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ चा. ७८ मिळवले की १६७४ येते, बरोबर. पण फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही शिवजन्माची तिथी घ्या. ७८ मिळवले तर १६२९ होते आणि खरे साल १६३० आहे. कारण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटून गेलेले असते आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक असल्याशिवाय साल सांगता येत नाही. म्हणून आम्ही दोन रकाने ठेवले. एकात छापलेला शक जसाच्या तसा, दुसऱ्यात इसवी सन. क्रम लावायला दुसरा, वाचकाला दाखवायला दोन्ही.

अकारविल्हे हा तर मराठी माणसाचा हट्टाचा विषय. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. संगणकाच्या चिन्हकोष्टकात तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. नुसत्या कोष्टकाच्या क्रमाने यादी लावली की काळे हे कावळे, काशीकर आणि कासार यांच्या आधी येतात. आपल्या क्रमाने ते सर्वांच्या मागून यायला हवेत. जुन्या बिबटेकला यातले काही उमगत नाही. बिबलाटेकच्या जोडीला बायबर नावाचा जो कार्यक्रम चालतो त्याला भाषेनुसार क्रम लावता येतो, म्हणून मुलीने तो घेतला. 'व इतर', 'पृ.', 'संपा.' हे शब्दही इंग्रजीतून मराठीत आणावे लागले. नाहीतर मराठी यादीत मध्येच इंग्रजी शेपूट लोंबते.

'तत्रैव' या शब्दाबद्दल मात्र यंत्राचे उपकार मानले पाहिजेत. लागोपाठ दोन टीपा एकाच ग्रंथाच्या असल्या की दुसऱ्या टीपेत 'तत्रैव' लिहितात. हाताने लिहिलेल्या ग्रंथात कोणी मध्येच नवी टीप घातली, की खालचे 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. यंत्र हा शब्द स्वतः लिहीत नाही, दरवेळी मोजून लावते. वरची टीप बदलली की 'तत्रैव' आपोआप निघून पूर्ण नाव येते.

आता पुन्हा निकालाच्या दोन पत्त्यांकडे येतो, कारण आमच्या दृष्टीने खरी कसोटी तेथे होती. नाव-सालाच्या शैलीत तळ्याच्या निकालाला कोणते साल द्यायचे? ज्या नोंदीत फक्त ए. आय. आर. चा पत्ता होता, तेथे साल म्हणून १९३८ भरले गेले असते, आणि शैली बदलताच पुस्तकात '१९३८ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला' असे वाचकाने समजावे अशी सोय झाली असती. पोशाख बदलताना माणूसच बदलला! दाव्याच्या तारखा तर नेमक्या आहेत. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले. २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर पाणी प्यायले. डिसेंबरच्या परिषदेपूर्वी, १४ डिसेंबरला, दिवाणी कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, वादींचे अपील उच्च न्यायालयात फेटाळले गेले. फेटाळले ते कशावरून? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना शाबीत करता आले नाही. सगळे म्हणतात, पूर्वापार आहे, हा न्यायालयात पुरावा होत नाही. पूर्वापार म्हणजे केव्हापासून आणि कोणत्या कागदावरून, हे विचारले गेले, तेव्हा तळ्याचे पाणी मोकळे झाले.

अशा पत्त्यांचा गैरफायदाही घेता येतो. काही वर्षांपूर्वी एका कारखानदाराच्या वकिलांनी आमच्या कामगारांच्या बडतर्फीच्या प्रकरणात लेखी जबाब दिला, त्यात पाच निवाड्यांचा आधार घेतला होता. आम्ही पाचही काढून वाचले तेव्हा निवाडे तीनच निघाले. दोन निवाडे प्रत्येकी दोन-दोन पत्त्यांनी, जणू वेगवेगळे असल्यासारखे, मांडले होते. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाचा १९७८ चा सुप्रसिद्ध निवाडा प्रत्येक युनियनवाल्याला पाठ असतो, तोही 'ए. आय. आर. १९७८ एस. सी. ५४८' आहे आणि '(१९७८) २ एस. सी. सी. २१३' सुद्धा. एकच लाठी दोनदा मोजली म्हणून दोन लाठ्या होत नाहीत, पण मोजणाऱ्याला ते माहीत हवे. आता सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून प्रत्येक निकालाला प्रकाशकनिरपेक्ष असा स्वतःचा क्रमांक देण्यास आरंभ केला आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवरही तसा क्रमांक असतो. राजवाड्यांचा लेखांक, टोल्युईनचा १०८-८८-३ आणि न्यायालयाचा हा क्रमांक, तिघांची जात एकच. ज्या कामगाराला महागडे रिपोर्टर विकत घेणे परवडत नाही, त्यालाही निकाल शोधता येतो, हा यातला आम्हांला भावलेला भाग.

पुस्तिकेसाठी शेवटी कोणती शैली ठेवावी, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. आकड्यांनी जागा वाचते आणि कागदाचा खर्च कमी होतो, असे खजिनदारांचे म्हणणे. ते खरे होते. परंतु आमचा वाचक पाळी सुटल्यावर बसमध्ये किंवा चहाच्या टपरीवर पुस्तक उघडणार. तो शेवटची पाने चाळत बसणार नाही. नाव-सालाची शैली ज्याला ग्रंथकारांची नावे आधीच ठाऊक आहेत त्याच्यासाठी चांगली. आमच्या वाचकाला 'कीर १९६६' म्हटल्याने काय कळणार? धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे मराठी चरित्र, असे खाली पानावरच लिहिलेले असले, तर तो ग्रंथालयात जाऊन मागू शकेल. याच चरित्राची इंग्रजी आवृत्ती १९५४ ची आहे आणि दोन्हींची पाने जुळत नाहीत. तेही तळटीपेत सांगता येते. म्हणून तळटीपा ठरल्या. पाने आठ वाढली.

नोंदींची मूळ फाइल आम्ही युनियनच्या कचेरीत, पोलादपूरच्या त्याच सहकाऱ्याच्या घरी आणि मुलीच्या संगणकावर, अशी तीन ठिकाणी ठेवली आहे. उद्या एखाद्या विद्यापीठाने आकड्यांची शैली मागितली तर ती एक ओळ बदलून देता येईल. तळ्याच्या निकालाच्या नोंदीत आता पक्षकारांची नावे, न्यायालय, निकालाची तारीख, बॉम्बे लॉ रिपोर्टरचा पत्ता आणि ए. आय. आर. चा पत्ता, असे पाच वेगळे रकाने भरलेले आहेत, आणि सालाच्या रकान्यात १९३७ आहे.